पुन्हा तपासणीस यावे

९ फेब्रुवारी १९७६, सोमवार
महिला मंडळाच्या शिबिरात तपासणी केली होती, तिचं पत्र आलं. गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी 'नेहमीसारख्या नाहीत. पुन्हा तपासणीस यावे.' नेहमीसारख्या नाहीत म्हणजे कशा? शिबिरात मी खरं तर उपिटासाठी गेले होते!

१० फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. नवी पेठेतल्या दुकानात परक्या बायकांशी परकराच्या कापडावर तासतास बोलतात, पण 'गर्भाशय' ऐकून कानापर्यंत लाल! आईच्या खोलीकडे बघत म्हणाले, "अव्वाला सांगू नको. पोटाचं म्हण."

१३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. बहुतेकींचं काही निघत नाही. पण तुकडा काढून तपासायला हवा."
"केवढा?"
"ज्वारीच्या दाण्याएवढा."
हे बाहेर बाकावर बसलेले, नेमके प्रसूतिगृहाच्या पाटीखाली. शेजारच्या निंगव्वानं त्यांना पाहिलं.

१४ फेब्रुवारी
सासूबाईंनी सकाळीच पुढ्यात दोन डिंकाचे लाडू ठेवले. "त्रेचाळिसाव्या वर्षी झालं म्हणून लाजायचं काय? देव देतोय की!" खरं सांगायला तोंड उघडलं — लाडू तोंडात!

१७ फेब्रुवारी
तुकडा काढला. करकचून चिमटा घेतल्यासारखं झालं. मी हूं की चूं केलं नाही. बाहेर आले तर माझ्या हातातला रक्ताचा बोळा बघून हेच आडवे! नर्सनं त्यांना खाटेवर घेतलं, मी पदरानं वारा घातला. रिपोर्टला दहा दिवस.

२० फेब्रुवारी
तीन भाकऱ्या करपल्या. मला काही झालं तर ह्यांना साधा चहा करता येत नाही. — हेच सारखं मनात.

२५ फेब्रुवारी
सासूबाईंनी माळ्यावरून पाळणा उतरवला. मग मात्र सांगून टाकलं. बाळ नाही. कॅन्सर आहे का, ते बघतायत.
त्यांनी पाळणा भिंतीकडे सरकवला. मग म्हणाल्या, "मग एवढे लाडू कशाला खाल्लीस गं?"
आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

२७ फेब्रुवारी
कॅन्सर नाही! नुसती सूज. औषध, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. ह्यांनी पेढे वाटले. निंगव्वानं विचारलं, "कितवा महिना?"

२८ फेब्रुवारी
सासूबाई सकाळीच इरकल नेसून तयार. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "ते तुकडा काढताना लई दुखतं काय?"
"नाही हो. का?"
"मग मलाबी ने. सा महिने झाले, अंगावरून लाल जातंय."