अंगठ्याएवढा चहा आणि बावीसचं अ‍ॅव्हरेज

शहादा, बुधवार, संध्याकाळ

गाडीच्या शोरूमवाल्याने आज अंगठ्याएवढ्या कपात चहा दिला. अतिथिधर्माचा असा लोप पाहिला नव्हता. चहात इतका चिकट माणूस मायलेजमध्ये एवढा उदार कसा? म्हणे, "भाऊ, बावीसनं अ‍ॅव्हरेज शे, डोया झाकीसन ल्या." डोळे झाकून घेईन, पण एसी लावून किती? विचारलं, तर आणखी चहा घेता का म्हणाला. सर्व्हिसिंगच्या खर्चावर नुसताच हसला. तो कप डोक्यातून जात नाही.

ही म्हणते, "डिझेल अक्कलकुव्यापुढं गुजरातेत भरू, स्वस्त पडेल. सुरतेला जाणंच आहे."

जाणंच आहे, बाबांच्या केमोला. बसचे धक्के आता त्यांना सोसत नाहीत.

गाडी किती वर्षं टिकेल, हे सगळ्यांना विचारत सुटलोय. बाबांना ती किती दिवस लागेल, हे डॉक्टरांना विचारायची भीती वाटते.