तीनदा देवाचं नाव घेईपर्यंत

प्रिय चिमे,

त्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो, टेबल पुसलं, हात जोडले आणि तुझा अर्ज पुढे ओढला. घरोघरी आजाऱ्यांच्या सेवेला माणसं पाठवणाऱ्या आमच्या संस्थेत अर्जदारांची चौकशी माझ्याकडे, हे तुला ठाऊक आहेच. पोलिसांचा दाखला, पत्त्याचा पुरावा आणि आधी जिथे काम केलं त्या घरी एक फोन. सख्ख्या बहिणीची चौकशी मी करू नये, असं मालकीणबाईंना म्हटलं होतं. त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्याइतका कडक माणूस आणू कुठून, तुम्हीच करा. खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटलं.

फोनवर शेवटी मी एकच विचारायचो, आपलं माणूस पुन्हा यांच्या हाती सोपवाल का? तोंडावर वाईट कुणी बोलत नाही, नुसते गप्प होतात. म्हणून मी एक रीत पाडली होती. प्रश्न विचारायचा आणि मनात तीनदा देवाचं नाव घ्यायचं. तेवढ्यात उत्तर आलं तर ठीक. नाहीतर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजायचं. ज्या आजींकडे तू चार वर्षं होतीस, त्यांच्या मुलीला फोन लावला. प्रश्न विचारला. तीनदा नाव घेऊन झालं, पलीकडून शब्द नाही. मी आभार मानून फोन ठेवला आणि तुझ्या कागदावर लिहिलं, ‘कुटुंब साशंक’.

तो शेरा दुसऱ्या संस्थांनीही मागवून घेतला, आणि तुला कुणी दारात उभं केलं नाही. तू आलीस तेव्हा मी नियम सगळ्यांना सारखे वगैरे ऐकवलं. तू रडली नाहीस, भांडलीही नाहीस. दारात चप्पल घालता घालता एवढंच म्हणालीस, दादा, तू मला तरी विचारायचंस. त्याला आठ महिने झाले. तू लॉजमध्ये चादरी धुतेस, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. शाळा तू सोडलीस, म्हणून मी बाहेरगावी राहून शिकलो. दर दोन तासांनी तू तिला कुशीवर वळवायचीस. दोन वर्षांत तिच्या पाठीला एक जखम झाली नाही. तुझी चौकशी करायला मला फोनची काय गरज होती? पण आमच्या कागदावर या गोष्टीला रकाना नाही, आणि मी रकान्याबाहेर बघायचं सोडून दिलं होतं.

गेल्या महिन्यात एक बाई सासऱ्यांसाठी माणूस मागायला आल्या. म्हणाल्या, आईला सांभाळलं तीच ताई हवी, दुसरी नको. त्यांनी तुझं नाव सांगितलं आणि मी ओळखलं, त्या आजींची मुलगी ती हीच. मी विचारलं, मग तेव्हा फोनवर गप्प का झालात हो? त्या म्हणाल्या, अहो, आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. आपलं माणूस म्हणालात आणि मला आठवलं, आता सोपवायला आई उरलीच नाही. डोळे पुसून मी हो म्हणेपर्यंत तुम्ही फोन ठेवलासुद्धा!

चिमे, देवाचं नाव मी लोकांचं मौन मोजायला वापरलं. त्या संध्याकाळी हात जोडले, पण नाव ओठांवर येईना.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना सगळं सांगितलं. तुझ्या कागदावरचा शेरा खोडून खाली सही केली आणि जिथे जिथे तो गेला होता तिथे चूक माझी होती असं कळवलं. मग माझ्या मोजणीत अडकलेले जुने सतरा अर्ज काढले, पुन्हा फोन केले आणि या वेळी थांबलो. एक आजोबा तर इतका वेळ गप्प होते की फोन कटला असं वाटलं. मग म्हणाले, सोपवीन की, चष्मा शोधत होतो. त्या बाई अजून तुझी वाट बघताहेत. जायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासाठी जाऊ नकोस.

हे पत्र मात्र वेगळ्याच कामासाठी आहे. काल मी ते टेबल सोडलं आणि त्याच संस्थेत सेवकाच्या कामाचा अर्ज भरला. मालकीणबाई म्हणाल्या, या वयात? म्हटलं, वळवायला शिकेन. आजाऱ्याची सेवा करताना तुम्हाला पाहिलेली व्यक्ती, असा एक रकाना आहे. तिथे मी तुझं नाव लिहिलंय. सुट्टीत घरी आलो की मी आईला वळवायचो आणि ती कण्हायची, हे तुझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. माझ्या जागी आलेली मुलगी तुला फोन करील आणि तोच प्रश्न विचारील. जे खरं असेल ते सांग. घाई करू नकोस. तिला मी बजावलंय, उत्तर येईपर्यंत फोन ठेवायचा नाही.

तुझाच,
दादा