आत्याचं दुसरं खोकं

प्रिय इनग्यू,

फोन केला असता, पण तुझ्या बाबांचा बिछाना आता आपल्या काढ्यांच्या दुकानामागच्या खोलीतच घातला आहे आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. घरच्या ग्रुपवर काही टाकलं तर आत्या सगळ्यांच्या आधी वाचते. म्हणून पत्र. आधी जेव आणि मग निवांत बसून वाच.

बाबांचं पोट पुन्हा पाण्याने फुगलं होतं. परवा दवाखान्यात नेऊन ते काढून आणलं. डोळे पिवळे आहेत. दारू सोडून वर्ष उलटलं, तेवढं श्रेय मी त्यांना देते, पण यकृताला आता त्याचा उपयोग नाही. डॉक्टर स्पष्ट बोलले. नवं यकृत मिळालं तर ठीक, नाहीतर पुढचा उन्हाळा ते पाहतील असं सांगता येत नाही. मेलेल्या माणसाचं यकृत मिळवायची रांग मोठी, आणि आपल्याकडे लोक रांगेच्या आधी मुलाकडे बघतात. समोरचा जिनसेंगवाला पांग परवा म्हणाला, "ताई, तुम्हाला कसली काळजी? अर्धं यकृत तर उल्सानला कामाला आहे." हसतच म्हणाला. मी चाळणी इतकी जोरात आपटली की तो आपल्या दुकानात परत गेला.

तुझ्या तपासणीचा निकाल तुला कळलाच असेल. यकृताचे आकडे वर गेलेत. मंगळवारी पुन्हा रक्त घेतील आणि तेव्हाही ते उतरले नसतील तर दाता म्हणून तुझं नाव बाद. हे ऐकल्यापासून आत्याने फोन करकरून मला जेवू दिलेलं नाही. "वहिनी, पोरगा पितोय, दुसरं काय? कंपनीच्या जेवणात साहेबाने पेला भरला तर नाही कोण म्हणणार? पण इथे माझा भाऊ मरतोय. चार दिवस दम धरवत नाही का त्याला?" मी म्हटलं, तो पीत नाही. मला माहीत आहे. साहेबासमोर मान वळवून, दोन्ही हातांनी पेला तोंडाला लावायचा आणि सोजूची दारू गुपचूप ओल्या रुमालात उतरवायची, हे तूच मला सांगितलं होतंस. रुमाल पिळला तर अख्खा विभाग झिंगेल, असंही म्हणाला होतास.

आत्या मग जरा नरमली. म्हणाली, "तसं असेल तर बरंच. मीही आपलं माझ्याकडून करतेय. छिकच्या वेलीच्या मुळांचा आणि हत्गेच्या फांद्यांचा दाट काढा पाकिटांत भरून त्याला खोक्याने पाठवलाय, यकृत कसं धुऊन निघेल. आणि पोरगा गुणाचा हो वहिनी. पहिलं खोकं संपल्यावर त्यानेच फोन केला, आत्या, आणखी एक पाठव."

मी फोन ठेवला. गिऱ्हाईक येऊन परत गेलं.

इनग्यू, तू या दुकानात वाढलास. पोत्यांवर बसून तू गणितं सोडवायचास आणि सकाळी सकाळी टाय सुटलेले, केस उभे राहिलेले कारकून यायचे. "काकू, डोकं फुटतंय, लवकर द्या." हत्गेची फांदी दारूच्या रांजणात पडली तर दारूचं पाणी होतं, अशी जुनी गोष्ट ते सांगायचे. मी म्हणायचे, मग थेट पाणीच प्या, फांदीचा त्रास वाचेल. धडधाकट माणसाचं डोकं जड झालं असेल तर पातळ, कोमट हत्गे. त्याने दोन घोट पाणी पोटात जातं आणि जिवाला बरं वाटतं, याहून जास्त मी कधी कबूल केलं नाही. आणि ज्याचे डोळे पिवळे, किंवा ज्याच्या रक्ताची तपासणी व्हायची आहे, त्याला एक थेंबही नाही. औषधशास्त्र शिकून पाला उकळत बसली म्हणून कॉलेजच्या मैत्रिणी मला हसायच्या, पण हा नियम मी त्या शिक्षणातूनच आणला होता. तो तुला माझ्याइतकाच पाठ होता. मी मागे काम करत असताना तू एका म्हाताऱ्याला परस्पर परत पाठवलं होतंस. "आजोबा, दाट काढा यकृतालाच राबवतो. आधी डॉक्टरकडे जा, नाहीतर आई मला ओरडेल." तो म्हातारा जाईल त्या दुकानात हे सांगत सुटला होता.

बाबांचा सकाळचा हत्गेचा वाडगाही तूच न्यायचास. पाचवीत गेलास आणि एक दिवस वाडगा माझ्या हातात परत देऊन म्हणालास, "मी नाही नेणार." मी कारण विचारलं नाही. तुझ्या भुवईवरचे टाके ओले होते. बाबांना त्या आदल्या रात्रीचं काही आठवत नाही. ते हल्ली शेजाऱ्यांना सांगतात, माझा मुलगा मला जीवदान देणार आहे.

तेव्हा काढ्याने आकडे चढतात हे तुला माहीत नव्हतं, असं मी मानू शकत नाही. आत्याला माहीत नाही. तुला माहीत आहे, आणि तू दुसरं खोकं मागवलंस.

मी रागावलेले नाही. घाबरले आहे. ज्या यकृतासाठी सगळे तुझ्याकडे हात पसरून उभे आहेत, ते तू स्वतःच्या हाताने बिघडवतो आहेस, कारण तोंडाने "नाही" म्हणायला आपल्या लोकांत जागा नाही. पण जागा आहे, आणि ती तुला माहीत असावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. दवाखान्यात दात्यांशी बोलणाऱ्या मो बाईंना मी काल एकटी जाऊन भेटले. मंगळवारी रक्त घेतल्यावर त्या तुला वेगळ्या खोलीत बसवतील. दार बंद करतील आणि विचारतील, हे तुमच्या मनाने करता आहात का? खरं काय ते सांग. नाही म्हणालास तर घरी फक्त एवढंच कळेल, की दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. कारण त्या कोणालाही सांगत नाहीत. मी विचारलं, आईला? त्या म्हणाल्या, आईला तर मुळीच नाही.

बाबा जगावेत असं मला वाटतं. ते खोटं सांगून तुझ्यावर उपकार करणार नाही. पण त्यासाठी काय द्यायचं हे तुझं तू ठरव, आणि हो म्हण की नाही म्हण, ती काढ्याची पाकिटं आजच मोरीत ओत. मंगळवारी मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येणार नाही. आत्याही येणार नाही, तिला मी त्या दिवशी बाबांजवळ बसवून घेणार आहे. मी आले, तर तू खोलीतून बाहेर पडताच तुझ्या चेहऱ्यावरून मला सगळं कळेल, आणि ते मला कधीच कळायला नको आहे.

तुझीच,
आई