बोट बंद व्हायच्या आत

मुंबई, वैशाख, १९५६

प्रिय गोदू,

सातवा लागला आणि तू बाळंतपणाला श्रीवर्धनास आईकडे आलीस, हे मला आईच्या पत्रातून कळावं होय गं? लबाड! आंबोळ्या हादडत असशील. खा बाई. आषाढात दिवस भरतात, आवडाबाई सुईण ठरलीय, हेही वाचलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

सासरी मी परसातल्या खोपीत का राहते, असं तू विचारलं होतंस. सासूशी पटत नाही म्हणाले. आईनं आणि मी मिळून लपवलं तुझ्यापासून. माझी लघवी थांबत नाही, गोदू. सतत ठिबकते. नवऱ्यानंही नाकाला पंचा लावला, तेव्हा मीच अंथरूण उचललं.

माझ्या वेळी आवडाबाईच होती. मायाळू बाई, पण नेम कडक. वेणा लागलेलीनं उंबरा ओलांडला तर मूल आडवं येतं म्हणे. मला लघवीला जायचं होतं. दाबून धर म्हणाली, मी धरली. दोनदा सूर्य मावळला तरी मूल अडलेलंच. आलं ते निळं. आईला वाटतं, माझंच नशीब फुटकं.

आता मुंबईच्या इस्पितळात आलेय. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पाटीवर काढून दाखवलं. ओटीपोटात पुढे, हाडाला लागून मूत्राशय. त्याच्या मागे गर्भाशय, खाली मुलाची वाट. मधला पडदा एवढासा! भरलेलं मूत्राशय फुगून वाटेत आलं, अडलेल्या डोक्यानं हाडावर चेपलं, पडदा मेला आणि भोक पडलं. उद्या ते शिवणार आहेत. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीचं तोंड त्या भोकाच्या काठाशीच आहे. टाका तिथे गेला तर मूत्रपिंड गेलं. शिवलेलं टिकेलच असंही नाही. भीती वाटते गं.

पण बाई आणखी एक बोलल्या. माझं कमरेचं हाड अरुंद, मूल अडणारच होतं. धाकटी बहीण आहे का, विचारलं. आपण एका साच्याच्या, माझी चोळी तुला बरोबर बसते. तुझे दिवस सांगितले तशी त्यांनी हातातला खडू खाली ठेवला.

आषाढात दर्या खवळलेला, बोटी नारळी पौर्णिमेपर्यंत बंद. तू अडलीस तर जवळ फक्त आवडाबाई आणि तो उंबरा. म्हणून लिहितेय, शेवटची बोट सुटायच्या आत निघ. पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून आई रडेल. तिला हे सगळं मोठ्यानं वाचून दाखव, लाज गेली चुलीत. धक्क्यावरून सरळ इथे इस्पितळात ये, बाईंना तुझं नाव सांगून ठेवलंय. आणि माझी खाट रिकामी दिसली, तरी मागे फिरू नकोस.

तुझीच,
केसरताई