‘बंदरातली सकाळ’ या रेकॉर्डवर ओरडणारा इसम मीच

मी, फ्लोरिमोंड देकेयसर, वय वर्षे एकाहत्तर, राहणार अँटवर्प, धंदा सॅक्सोफोन वाजवणे व बँड चालवणे, हे कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर निव्वळ संतापाने लिहून ठेवतो. फुप्फुसं निकामी झाली आहेत, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत, त्यांत मी एक गोष्ट लपवली होती.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बहीण इर्मा हिला. चाळीस वर्षं तिने माझ्या शर्टांना इस्त्री केली आणि माझं वाजवणं आवडतं असं एकदाही खोटं बोलली नाही.

२. ड्रमर गुस्ट वाउटर्स याला माझं ताल मोजायचं घड्याळ. त्याला त्याची गरज १९३६ सालापासून आहे. बाकी छदामही नाही. कारण खाली देतो.

३. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रुसेल्सला आम्ही ‘बंदरातली सकाळ’ रेकॉर्ड केली. बेल्जियम तेव्हा जर्मनांच्या ताब्यात; मूळ अमेरिकी नाव त्यांना चालत नव्हतं, म्हणून हे नवं बारसं. त्या दिवशी माझी दाढ सुजून गाल भोपळ्याएवढा झाला होता, फुंकणं अशक्य. आमचा दुसरा सॅक्सोफोनवाला नाथान ब्लिट्स ज्यू; त्याला वाजवायला बंदी. तो पेट्या उचलणारा हमाल बनून आत आला आणि पडद्याआड उभा राहून, माझ्या वाद्यावर, मधला एकट्याचा तुकडा त्याने वाजवला. असा वाजवला, की मला राहवेना. मी मध्येच ओरडलो, “अजून एक फेरी!” रेकॉर्डवर ते स्वच्छ ऐकू येतं. सहा महिन्यांनी नाथानला पकडून नेलं. तो परत आला नाही.

युद्ध संपल्यावर लोक म्हणाले, “वा फ्लोर, काय तो तुकडा!” आणि मी मान तुकवली. वीस वर्षं तुकवत राहिलो. त्याची मला लाज वाटते.

पुढे खरं सांगायला लागलो, तर कोणी ऐकेना! संपादकांना पत्रं लिहिली, एकही छापलं नाही. रेकॉर्डी जमवणारे जाणकार म्हणाले, असा दम देकेयसरचाच. मी म्हटलं, अहो, ओरडणारा मी आहे, मग फुंकणारा माणूस ओरडेल कसा? तोंड एकच असतं ना? तर गुस्टने सांगून टाकलं, ओरडला तो स्वतः! मी त्याला त्याच्या अड्ड्यावर गाठलं.

“गुस्ट, लेका, तू ओरडलास?”

“कोणाला आठवतंय आता? लोक तुला मानतात ना? मग गप बिअर पी.”

“आणि नाथान?”

“मेलेल्या माणसाला काय फरक पडतो रे?”

बिअर मी त्याच्या मांडीवर ओतली. त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

यंदा कंपनीने ती रेकॉर्ड नव्याने काढली. वर माझा हा मोठा फोटो, आणि आतून माझी हाक पुसलेली! “खरखर साफ केली, देकेयसरसाहेब,” म्हणे. खरखर! एवढा एक पुरावा होता, तोही धुऊन टाकला मेल्यांनी.

४. म्हणून सॅक्सोफोन आणि १९४२ची मूळ तबकडी नाथानची मुलगी मिर्याम, राहणार घेंट, हिला. बापाला नेलं तेव्हा ती वर्षाची होती. माझ्या अंत्यविधीला हीच तबकडी लावावी. नवी लावाल तर शवपेटीतून उठून बसेन.

५. मिर्यामला वाटा असल्याने तिची साक्ष चालत नाही, असं वकीलबाई सांगतात. तरी ती आज आली. आजवर तिला सांगायचा धीर मला झाला नव्हता. इर्माने कॉफी दिली, मी तबकडी लावली. मध्येच ती दचकली.

“हे कोण ओरडलं?”

“मी.”

“पण काका, सॅक्सोफोन तर चालूच आहे.” तिने माझ्याकडे पाहिलं. “मग वाजवतंय कोण?”

बत्तीस वर्षांत हे विचारणारी ती पहिली. मी सांगितलं. तिने उठून सुई स्वतःच्या हाताने मागे नेली. इथवर लिहीपर्यंत तिने तो तुकडा सात वेळा ऐकला आहे.

सही : फ्लोरिमोंड देकेयसर
अँटवर्प, ९ नोव्हेंबर १९७४

साक्षीदार :
युलिएन म्यूस, बेकरीवाल्या, शेजारी.
आल्फोन्स लिपेन्स, निवृत्त दंतवैद्य. ती दाढ यांनीच उपटली. तारीख त्यांच्या वहीत आहे.