लग्नाच्या गाडीचे दोन पंप

तीर्थरूप गुन्वोरमावशीस,

हालवारचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

तुझा नवा खुबा कसा काय चालतोय? (कुठल्या कंपनीचा बसवला, असं माझा मेहुणा सिक्स्टेन विचारत होता. मनावर घेऊ नकोस.) त्या खुब्यापायी तुला आमच्या तूराच्या लग्नाला येता आलं नाही. आता लोक काहीबाही कळवतील, त्याआधी खरा प्रकार मीच कळवावा म्हणून हे पत्र.

चर्चला जायचं तर आपल्या जुन्या गाडीतूनच, असा तूराचा हट्ट. जन्मल्यावर तिला दवाखान्यातून घरी आणलं, तीच ही गाडी. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना इंजिनात पाणी फिरवणारा पंप गळायला लागला! सोलवेग म्हणाली, दुसऱ्या कंपनीचा स्वस्तातला मिळतो तो घाल, पंप गाडीपेक्षा महाग कशाला? हे कळताच सिक्स्टेन सायकलवरून धापा टाकत हजर. (त्याच्याकडेही अशीच जुनी गाडी आहे, पण ती जशीच्या तशी राहावी म्हणून तो ती चालवतच नाही.) "दाजी, ओरिजिनलच! परका पंप घातलात तर इंजिन तुम्हाला माफ करणार नाही." मावशी, मला एकीबरोबर संसार करायचाय आणि दुसऱ्याबरोबर मासे पकडायला जायचंय. मी दोन्ही मागवले. सोलवेगला सांगितलं, स्वस्तातला घालतोय; सिक्स्टेनला सांगितलं, ओरिजिनल. दोघंही माझ्या शहाणपणावर खूश. (हे एकाच आठवड्यात घडणं म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.)

खोक्यांतून काढून दोन्ही शेजारी ठेवले, तर जुळी भावंडं! तोच आकार, तोच रंग, कारखान्याचा ठसासुद्धा तोच. मी कॉफी प्यायला उठलो, परत आलो, आणि कुठला कुठला ते काही केल्या आठवेना. शेवटी डोळे मिटून एक उचलला आणि बसवला.

लग्नाच्या दिवशी गाडी अशी निघाली की काय सांगू! शेजारी उंच काळी टोपी घातलेला सिक्स्टेन, मागे तूरा आणि मांडीवर केक घेतलेली सोलवेग. तळ्याच्या वळणावरून चर्चचा मनोरा दिसला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. सिक्स्टेन ओरडला, "पंप असणं शक्यच नाही, ओरिजिनल आहे तो!" सोलवेग म्हणाली, "ओरिजिनल कुठला? स्वस्तातला घातलाय, आणि तो उत्तम आहे!" मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं.

"हालवार, कुठला घातलायस?"

"चांगला," मी म्हणालो.

तेवढ्यात झगा गुडघ्यापर्यंत खोचून तूरा बॉनेटमध्ये शिरलीसुद्धा. "बाबा, पंप ठणठणीत आहे. नळीची क्लिप आवळायला विसरलात तुम्ही!" केक कापायच्या सुरीच्या टोकाने तिने ती आवळली. इंजिन गार होईपर्यंत आम्ही गवतावर बसून केकचा खालचा मजला खाल्ला (वरचा तसाच ठेवला, माणुसकी म्हणून). मग सिक्स्टेनने आपल्या टोपीतून तळ्याचं पाणी आणून ओतलं. ओरिजिनल गाडीत साधं पाणी! त्याचे डोळे भरून आले होते.

तूरा गालावर काळा डाग घेऊनच चर्चमध्ये शिरली. नवऱ्या मुलाने नेमका त्याच गालाचा मुका घेतला, त्यामुळे प्रत्येक फोटोत त्याचं नाक काळं आहे. पण इतकी हसणारी नवरी गावाने पाहिली नव्हती, मावशी.

तुझा भाचा,
हालवार

ता. क. : घरात अजून चौकशी चालू आहे. तुझीही गाडी याच जातीची, तेव्हा उरलेला पंप तुझ्यासाठीच मागवला होता, असं सांगशील का? सोलवेगचा फोन आला तर तुझा ओरिजिनल म्हण, सिक्स्टेनचा आला तर स्वस्तातला. उलटसुलट करू नकोस.

ता. क. : गुन्वोरमावशी, मी सोलवेग. पत्र टाकायला याने माझ्याकडेच दिलं. पंप पाठवतेय, सोबत हालवारलाही पाठवतेय. थोडे दिवस ठेवून घे. मात्र परत पाठवशील तो ओरिजिनलच पाठव. बदली माल मला चालणार नाही.