एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या टाळून

नागासाकी, १९ जुलै

फुसाएताईस,

धाकट्या कियोहारूचा गुडघे टेकून नमस्कार. (माझे अजून टेकतात. उठताना मात्र काहीतरी धरावं लागतं. तुझ्या गुडघ्यांची चौकशी मुद्दामच पुढे ढकलली आहे, कारण हे सगळं पत्र त्यांच्यासाठीच आहे.) साप्पोरोला उन्हाळाही गार असतो म्हणतात, नशीबवान आहेस. इथे घामाने कागद हाताला चिकटतो आहे. आई एक्क्याण्णव वर्षांची झाली, दात दोन उरले, पण जिभेची धार तशीच आहे.

तुझं पत्र पोचलं. त्यात ओळ एकच होती: ‘आई जिवंत असताना घर विकायला काढलंस, लाज नाही वाटत?’ ताई, मी घर विकत नाही. विकायचं म्हटलं तरी घेणार कोण? एकशे सत्त्याऐंशी पायऱ्या चढून घर बघायला येणारं गिऱ्हाईक या गावात अजून जन्माला यायचं आहे. पण मावशीने तुला फोनवर जे सांगितलं ते अगदीच बिनबुडाचंही नव्हतं, आणि त्याला जबाबदार मीच आहे. तेव्हा मुळापासून सांगतो.

सहा वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा फोनवरच्या त्या जगप्रसिद्ध नकाशाने तुझी टॅक्सी पायऱ्यांच्या तळाशी आणली आणि ‘पोहोचलात’ म्हणून जाहीर केलं. त्याच्या लेखी तू आणि घर एकाच ठिकाणी होतात. मध्ये उभा डोंगर होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. तू बॅग घेऊन चढलीस, चौऱ्याण्णवाव्या पायरीवर बसलीस आणि मला म्हणालीस, “ही शिडी मी पुन्हा चढणार नाही. आईला सांग.” मी सांगितलं. तेव्हापासून तुम्ही दोघी दर रविवारी फोनवर बोलता. फोन ठेवल्यावर आई खिडकीकडे तोंड करून बसते आणि समोरचा चहा गार होतो. हे मी तुला कधी कळवलं नव्हतं, आज कळवतो.

या एप्रिलमध्ये आईच्या गोळ्या आणायला गेलो, तर औषधांच्या दुकानातल्या तोकुनागाबाईंनी विचारलं, “काका, तुमच्याकडे वर यायला पायऱ्यांशिवाय वाटच नाही?” मी म्हणालो, नकाशात नाही. त्यावर त्या हसल्या. “कुणाच्या नकाशात?” मग कळलं की त्या आणि आणखी आठ जण दर रविवारी टोप्या घालून हिंडतात आणि स्वतःचा नकाशा काढतात. तो कुणाच्याही मालकीचा नाही, कुणीही त्यात भर घालावी. मी मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या कंपनीसमोर हे नऊ जण! पण त्यांनी फोनवर आपला डोंगर दाखवला आणि मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. देवळामागची विहीर होती. पाण्याचा नळ होता. एका जिन्यापाशी लिहिलं होतं, ‘कठडा डाव्या हाताला.’ दुसऱ्यापाशी, ‘पावसात शेवाळं.’ हे कुणी लिहिलं? प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव, ओळखीचं एकही नाही. एकाने तर फिनलंडमध्ये बसून, आकाशातून घेतलेले फोटो बघून, खालच्या गल्लीचं वाकडं वळण सरळ केलं होतं. ना पगार, ना कुणाची शाबासकी. मी अडतीस वर्षं जहाजांना रंग दिला, पण कुणा परक्याच्या हातासाठी कठडा कुठल्या बाजूला आहे ते लिहून ठेवावं असं माझ्या मनातही आलं नाही. मला फार लहान वाटलं ताई, आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं.

त्या नकाशात आपल्या घराची बाजू मात्र कोरी होती. आपल्याकडच्या बोळकांड्या लोकांच्या मागच्या दारांना लागून जातात, त्यामुळे परक्या माणसाला आत शिरायचा धीर होत नाही. ते काम मी अंगावर घेतलं आणि तिथेच माती खाल्ली. मोजायची टेप घेऊन कुणाच्या परसात न सांगता कसं शिरायचं? शेजाऱ्यांना त्रास होणार असेल तर आधी खाऊचा डबा घेऊन जावं, ही आपली रीत. मी कास्तेला केकचे चौदा डबे घेतले आणि चौदा घरी वाकून सांगितलं, “थोडा त्रास होणार आहे, सांभाळून घ्या.” नकाशाचं बोललो नाही. (सहासष्टाव्या वर्षी हे सांगायची लाज वाटते.) आता आपल्या डोंगरावर माणूस डबे घेऊन दोनच वेळा फिरतो: घर पाडताना, नाहीतर गाव सोडताना. संध्याकाळपर्यंत लोकांच्या लेखी मी दोन्ही करत होतो. उराकावा न्हावी पाणावल्या डोळ्यांनी आला. “कियोहारू, म्हातारीला कुठे ठेवणार रे?”

शिवाय घेतलेल्याची परतभेट द्यायला नको का? टरबूज आलं, सुका माकूळ आला, टॉवेल आले. त्यांची परतफेड मी केली, तर तिचीही परतफेड आली. टेप बहुतेक खिशातच राहिली. तोकुनागाबाई एकदा म्हणाल्या, “काका, बाकीच्यांचे तीन वॉर्ड झाले. तुमचे चाळीस मीटर झालेत.”

शेवटी मोहल्ला समितीच्या बैठकीत उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं: घर विकत नाही, बहिणीचे गुडघे दुखतात, आई वाट बघते. शेजारच्या इवानागाबाई कडाडल्या, “मेल्या, आधी नाही का बोलायचं! माझ्या मागच्या दारावरून गेलं तर बारा पायऱ्या वाचतात!” त्यावर उराकावा म्हणाला, त्याच्या भिंतीला धरून गेलं तर वीस वाचतात. मग एकच गलका झाला. प्रत्येकाला वाटेचा आपापला तुकडा माहीत होता, अख्खी वाट एकालाही नाही. ते तुकडे तोकुनागाबाई जोडत गेल्या, आणि आपल्या दारापासून पलीकडच्या देवळापर्यंत, जिथे टॅक्सी येते, एक आडवी रेघ तयार झाली. पायऱ्या फक्त सव्वीस.

पुढच्या रविवारी मोजायला निघालो, तर वाटेवर खुर्च्या! परतभेटीला घरात काही उरलं नाही म्हणून लोकांनी दाराबाहेर बसायची सोय केली होती. एकूण अकरा. त्यांत उराकावाच्या बंद दुकानातली, वरखाली होणारी, लाल खुर्चीसुद्धा. तोकुनागाबाईंनी प्रत्येक खुर्ची नकाशात नोंदवली: ‘बसायला जागा. पाठ टेकता येते.’ मी चारचौघांत रडलो. ते मावशी तुला सांगेलच.

तर ऑगस्टच्या मध्याला, पितरांच्या सणात बाबांच्या नावाचे कंदील लावायला, ये. टॅक्सीवाल्याला फक्त देवळाचं नाव सांग.

तुझा,
कियोहारू

ता. क. नव्या वाटेची बातमी आईला मोठ्या ऐटीत सांगितली. म्हणाली, “सासूबाईंनी नवी नवरी म्हणून त्याच वाटेने आणलं मला. लग्नाचा किमोनो घालून पायऱ्या चढतं का कुणी?” मी विचारलं, मग सहा वर्षं बोलली का नाहीस? “तुमच्याकडे नकाशा होता ना. मला कुणी विचारलं?”

ता. क. पुन्हा एकदा. जिने दोन वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता, तिला इवानागाबाईंच्या दारातली खुर्ची बघायची हुक्की आली. माझा हात धरून गेली, बसली, परत आली. दुसऱ्या दिवशी तिच्या पुढची खुर्ची. आता रोज चार वाजता निघते. काल उराकावाच्या लाल खुर्चीत बसून त्याला दटावत होती, “अजून वर घे, देऊळ दिसलं पाहिजे.” ती अकरांतली सातवी होती. लवकर नीघ ताई, नाहीतर तुझ्या टॅक्सीचं दार तीच उघडेल.